विद्यापीठात नेलेलं पडवळ

विद्यापीठात मी आयुष्यात एकदाच गेले, आणि तेही पडवळ घेऊन.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला लिहायला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "आजी, तुमचं शिक्षण कुठवर?" मी म्हटलं, शाळेत गेलेच नाही. माझी अक्षरओळख गोणपाटावर झाली. शेतकरी आपल्या गोणीवर लाल नाहीतर निळ्या रंगानं नावाचं पहिलं अक्षर काढून पाठवायचे. ज्ञानोबाचा ज्ञ मला आधी आला आणि कमळातला क पुष्कळ नंतर. पुढे चळवळीच्या दिवसांत आमच्या डिलाईल रोडच्या भिंतींवर एवढं लिहिलेलं असायचं की भायखळ्याच्या मंडईपर्यंत चालत जाता जाता मला जोडाक्षरंही येऊ लागली. 'संयुक्त' हा शब्द मी 'आई'च्या आधी वाचला. तेव्हा लिहिण्यात काही वाकडंतिकडं आलं तर त्या भिंतींना बोल लावा.

आमचं घर मूळचं जुन्नरकडचं. मालक गिरणीत साचेखात्यात. भायखळ्याच्या मंडईत गाळा होता तो मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली आणि गाळ्यावर मला बसावं लागलं. मंडईत बायका पुष्कळ, पण त्या किरकोळीच्या, पाटी घेऊन चाळीचाळीत विकणाऱ्या. गाळ्यावर बसून आडत्याकडून घाऊक माल उचलणारी बाई मी एकटीच. आणि तिथंच पहिली अडचण आली. ती तुम्हाला नीट समजावून सांगते, नाहीतर पडवळ कशाला ते कळायचं नाही.

शेतकऱ्याचा माल मंडईत आला की तो आडत्याकडे उतरतो. आडत्या म्हणजे शेतकऱ्याच्या वतीनं माल विकून देणारा, आणि त्याबद्दल आपली अडत कापून घेणारा. भाव ठरायचा रुमालाखाली. आडत्या आपल्या हातावर रुमाल टाकायचा, घेणारा त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून बोलणी करायचा. एक बोट दाबलं की एक रुपया, दोन दाबली की दोन, पूर्ण पंजा धरला की पाच. पंजा धरून वर दोन बोटं म्हणजे सात. तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चाललेल्या. शेजारी उभ्या माणसाला काही दिसायचं नाही. याला आम्ही हत्ता म्हणायचो. त्याचा नियम एकच, पण लोखंडी. समोरच्यानं तुमचं दाबलेलं बोट धरून "झाला सौदा" म्हटलं, की मग ते बोट मागे घेता येत नाही.

आता परक्या पुरुषाच्या हातात रुमालाखाली हात द्यायचा, हे आमच्या घरात कुणाला झेपणार? मला तर मुळीच नाही. मामंजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी गाळ्यावरचं एक लांबलचक पडवळ उचललं आणि म्हणाले, "सूनबाई, एक टोक तू धर. दुसरं आडत्या धरंल. बोटानं ठोके द्यायचे."

सगळी मंडई पोट धरून हसली. पण जमलं हो. वेलावर असतानाच शेंड्याला दगड बांधून सरळ वाढवलेलं, ताजं, ताठ पडवळ असलं ना, की एका टोकाला बोटानं हलका ठोका दिला तरी दुसऱ्या टोकाला तो कळतो. चार ठोके, चार रुपये. एवढंच की पडवळ रोजचं रोज ताजं हवं. शिळं पडवळ मुकं असतं. म्हणून आमच्या गाळ्यावर पडवळ बाराही महिने. वसईहून, नाहीतर मिळेल तिथून. मंडईत मला लोक पडवळवाल्या भागाबाई म्हणायला लागले. चंद्रभागा हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

तर अशा आमच्या मंडईत एका ज्येष्ठातल्या सकाळी नलिनीताई आल्या.

पांढरं पातळ, काळी छत्री, हातात जाड पुठ्ठ्याची वही. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या. यांच्या पणज्याच्या माहीमला नारळीच्या वाड्या होत्या म्हणे, पण ताईंनी नारळ सोललेला कधी जवळून पाहिला नव्हता. वडील फोर्टात कचेरीत होते. ताई विद्यापीठात शेतमालाच्या व्यापाराचा अभ्यास करत होत्या, एम.ए.साठी. रोज सकाळी येऊन सात भाज्यांचे भाव लिहून न्यायचे, आणि त्यावर प्रबंध लिहायचा, असा त्यांचा बेत.

आमच्या मंडईचे पुढारी म्हणजे तुकाशेठ आडत्या. निम्म्या मंडईचा माल त्यांच्याकडून यायचा. त्यांनी पानाचा तोबरा बाजूला सारला आणि विचारलं, "भाव कशाला पायजेत?"

"अभ्यासाला," ताई म्हणाल्या.

"भाजीच्या भावाचा अभ्यास? इद्यापीठात?"

"हो."

"आन् मग ते लोक काय करनार त्याचं?"

"वाचतील."

तुकाशेठना हे पटणं शक्यच नव्हतं. ताई पुढे गेल्यावर त्यांनी सगळ्या गाळेवाल्यांना जवळ बोलावलं. आधी त्यांना वाटलं बाई विक्रीकरवाल्यांची. मग म्हणाले, नाही, यात मोठं काहीतरी आहे. तेव्हा मुंबई महाराष्ट्रात ठेवायची की दिल्लीच्या ताब्यात द्यायची यावरून रण पेटलेलं होतं. "दिल्लीवाल्यांना मुंबई पायजे," तुकाशेठ गंभीर होऊन म्हणाले, "मंग मुंबई खाती काय, केवढ्याला खाती, ते आधी बघनार का नाय? तुमीच सांगा."

आता हसू येतं, पण तेव्हा दिल्लीवाले आमच्या गवारीचा भाव विचारायला माणूस पाठवतील हे आम्हाला अगदी खरं वाटलं. ठरलं असं, की बाईंना हाकलायचं नाही, त्यानं संशय वाढतो. भाव सांगायचे, पण खोटे. आणि ते सांगायचं काम भागाबाईनं करायचं. बाईला बाई बरी.

आता खोटं बोलायचं तर रोज नवं खोटं कुठून काढणार? काल काय सांगितलं ते आज लक्षात नाही राहिलं तर पंचाईत. माझ्या गाळ्यावर भाज्या एका ओळीत मांडलेल्या असायच्या. वांगी, गवार, भेंडी, कोबी, दुधी, घोसाळी आणि शेवटी टांगलेलं पडवळ. मी एक युक्ती काढली. ताईंनी ज्या भाजीचा भाव विचारला, तिच्या उजव्या हाताच्या शेजारणीचा सांगायचा. वांग्याचा विचारला की गवारीचा. गवारीचा विचारला की भेंडीचा. शेवटच्या पडवळाला उजवीकडे कुणी नाही, म्हणून त्याला पहिल्या वांग्याचा. एकदा डोक्यात बसलं की डोळे मिटून जमायचं. सकाळी आडत्याशी खरा भाव ठरवायचा आणि तासाभरानं ताईंना एक घर सरकवून द्यायचा. मला तर त्यात गंमतच वाटायला लागली. तुकाशेठ लांबून बघायचे आणि मान डोलवायचे.

ताई एक दिवस चुकल्या नाहीत. पाऊस असो, मोर्चा असो, ट्राम बंद असो, त्या आपल्या गिरगावातून चालत यायच्या. उलट्या पाटीवर बसायच्या, लिहून झालं की वही मिटायच्या आणि रोज न चुकता म्हणायच्या, "थँक्यू हं भागाबाई." नारळीपौर्णिमेला नारळीभाताचा डबा घेऊन आल्या. मी खाल्ला. चव चांगली होती, पण घशाखाली उतरताना जरा अडत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

असे ज्येष्ठापासून मार्गशीर्षापर्यंत सात महिने गेले. ताईंचं लिहिणं पुरं झालं, येणं थांबलं. मंडई त्यांना विसरली.

पौषात एक दिवस त्या परत आल्या. नेहमीच्या पाटीवर बसल्या. चेहरा उतरलेला.

"भागाबाई, मला एक सांगाल? चातुर्मासात वांगी महाग का होतात?"

मी हातातली गवार खाली ठेवली.

वाचकहो, तुम्हाला सांगायला नको. आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. तेव्हा गिरगाव, दादरच्या घरांत तर हे कडक पाळायचे. आदल्या कांदेनवमीला लोक पोटभर भरीत खाऊन घेणार, त्या दिवशी वांगं एकदम चढणार आणि नंतर जे आपटणार ते चंपाषष्ठीपर्यंत डोकं वर काढणार नाही. आणि ताईंच्या वहीत वांगं सबंध श्रावणभर चढत गेलेलं. चढणारच. वांग्याच्या नावावर गवार बसलेली होती ना.

"तुमच्या सरांनी विचारलं का?" मी म्हटलं.

"सर म्हणाले, मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. श्रावणात आमच्या घरात वांगं आलं तर आई ताटासकट बाहेर फेकेल. तुम्ही हे आकडे मंडईत जाऊन आणलेत की घरी बसून?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कारण लिहिलं होतं त्याचं. तीन पानं." त्यांनी प्रबंध उघडला आणि मला वाचून दाखवलं. गिरणगावातल्या कामगारांची मिळकत वाढते आहे, चळवळीमुळे जुन्या रूढी सैल होत आहेत, लोक निर्भय होत आहेत, आणि म्हणून चातुर्मासात वांग्याची मागणी वाढलेली दिसते.

मला इतकं हसू आलं म्हणून सांगू, पदर तोंडात कोंबावा लागला. आमची चाळ चळवळीमुळे वांगी खायला लागली. पण पदराआडून बघितलं तर ताईंचे डोळे भरलेले होते.

"सर पहिल्यापासून म्हणत होते," त्या म्हणाल्या, "मंडई हे बायकांचं काम नाही, ग्रंथालयात बसून होईल असा विषय घ्या. मीच हट्ट केला. आता त्यांचं खरं झालं. आठ दिवसांत या आकड्यांचा खुलासा केला नाही तर प्रबंध परत. मग वर्ष गेलं, आणि वडील काही दुसरं वर्ष देणार नाहीत."

एवढ्या दिवसांत त्या काय शिकतात, कशासाठी शिकतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी आपली माझ्या युक्तीवर खूश होते. मी वही मागितली. माझं बोट ओळीवरून फिरवत गेले, आणि शेवटच्या रकान्यावर थांबले.

"ताई, हे पडवळ बघा. आषाढात एक दिवस उडी मारलीय बघा. कोणती तिथी?"

त्यांनी बघितलं. "शुद्ध नवमी."

"कांदेनवमी. आणि दुसऱ्या दिवसापासून?"

"कोसळलंय. पार मार्गशीर्षापर्यंत."

"कोसळलं चंपाषष्ठीपर्यंत. हे पडवळ नाही, ताई. हे वांगं आहे."

मग मी सगळं सांगितलं. दिल्लीवाले, तुकाशेठ, उजवीकडची शेजारीण, सगळं. मला वाटलं आता ताई छत्री घालतील डोक्यात. घातली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मात्र पेन्सिल काढली, सातही रकान्यांची नावं एक-एक घर सरकवली आणि खालपासून वरपर्यंत आकडे तपासत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं जुळतंय. एक दिवससुद्धा चुकला नाहीत तुम्ही."

"कामात मी चोख आहे," मी म्हटलं. त्यावर त्यांना हसू आलं, आणि मला जरा बरं वाटलं.

पण सर तसे सोडणारे नव्हते. ताई दुसऱ्याच दिवशी निरोप घेऊन आल्या. नावं खोडून नवी लिहिलेली वही चालणार नाही. ज्या बाईनं खोटं सांगितलं तिनं तोंडी परीक्षेला समक्ष येऊन सांगावं. शिवाय मंडईत भाव रुमालाखाली ठरतो असं प्रबंधात लिहिलंय, ते एका बाईला कसं कळतं, हेही करून दाखवावं. परीक्षा चैत्रात.

बातमी तुकाशेठच्या कानावर गेलीच. गाळ्यासमोर येऊन उभे राहिले. "भागे, रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हातं. ते तिथं उघडं करायला गेलीस, तर माझा रुमाल तुझ्यापुढं पसरायचा नाय. मंग वांगी आन कुठून आनायची ती."

हे काही गमतीचं नव्हतं. आमचा अर्धा माल त्यांच्याकडून. त्यांनी हात आखडला तर गाळा बसलाच. मी मामंजींना विचारलं. ते खाटेवर बसून चष्म्याची काच पुसत होते. दिसत काहीच नव्हतं, पण काच पुसायची सवय जात नव्हती. म्हणाले, "खोटं सांगायला कोन गेलं होतं?"

"मी."

"मग खरं सांगायला काय मला पाठवतीस? तुझं तूच जा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी हरताळ. गिरण्या बंद, ट्रामा बंद, मंडईला टाळं, दुसऱ्या सकाळीही ताजा माल येण्याची आशा नाही. आमचे मालक मोर्चात गेलेले. मला मोर्चाची नाही, पडवळाची काळजी. हरताळाच्या आदल्या दिवशीचं एक ठेवलं होतं, ते ओल्या फडक्यात गुंडाळून चाळीच्या गॅलरीत टांगलं. शेजारच्या सुलूवहिनी म्हणाल्या, "भागावहिनी, साप पाळलात काय?" सकाळी बघितलं तर टोक किंचित वाकलेलं. मी स्वतःला म्हटलं, चालेल. चालणार नाही हे मला ठाऊक होतं. पण नुसत्या हातानं जाणार कशी?

फोर्टात ट्राममधून उतरून विद्यापीठाच्या दारात गेले तर तिथला शिपाई आडवा आला. मालवणकडचा असावा. "गे बाय, भाजी हयसर खंय? कँटीन मागल्या बाजूक आसा."

"मी परीक्षेला आलेय," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, पडवळाकडे बघितलं. "आणि ह्यां?"

"हे पण."

आत उंच छताची खोली. भलंमोठं टेबल. एका बाजूला ताई, पांढऱ्या पातळापेक्षा पांढऱ्या झालेल्या. समोर त्यांचे सर, सडसडीत, चष्मा कपाळावर. त्यांच्या शेजारी अकोल्याकडून आलेले पाहुणे परीक्षक, डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं, खुर्चीला छत्री टेकवलेली. कापसाच्या बाजारातले मोठे जाणकार आहेत, असं ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सरांनी सुरुवात केली. "तुम्ही या मुलीला सात महिने खोटे भाव सांगितलेत?"

"नाही साहेब. भाव सगळे खरे सांगितले. फक्त शेजारणीचे."

पाहुण्यांना ठसका लागला. सर हसले नाहीत. मी ओळ सांगितली, सरकवायची रीत सांगितली. सरांनी वहीतला मधलाच कुठलातरी दिवस काढून उलटसुलट विचारलं, मी उत्तरं दिली. मग हत्त्याचं विचारलं. पाहुणे म्हणाले, "आमच्याकडे कापूस असाच जाते जी. पण बाई हत्त्यात बसते हे मी पाह्यलं नाही."

मी पडवळाचं सांगितलं. पाहुण्यांचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. "मंग पाहूच," म्हणाले, आणि गळ्यातलं उपरणं काढून टेबलावर पसरलं. ठरलं असं, की सरांनी एक भाव चिठ्ठीवर लिहून पाहुण्यांकडे द्यायचा, उपरण्याखाली पडवळावर ठोके द्यायचे, आणि मी तो ओळखायचा.

सरांनी एक टोक धरलं, मी दुसरं. मी डोळे मिटले. काही नाही.

"द्या साहेब."

"दिले."

"परत द्या."

त्यांनी परत दिले असणार. माझ्या हातात मऊ, गार, मेलेलं पडवळ. दोन दिवसांचं. एक अक्षर बोलेना.

"भाव ऐकू येत नाही वाटतं," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि प्रबंध मिटायला हात पुढे केला. मी ताईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होत्या, फिरवून फिरवून, ते आधीच घट्ट बसलेलं असताना.

मी पडवळ ओढून काढलं आणि टेबलावर टाकलं. "साहेब, शिळं पडवळ मुकं असतं, माझीच चूक. हात द्या."

सरांनी पाहुण्यांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, बहुतेक भिंतीवरच्या तसबिरीकडेही बघितलं. पाहुणे म्हणाले, "द्या ना जी. मंडई आहे आता हे."

मामंजींच्या हाताखाली मी हत्ता शिकले होते. आंधळे झाल्यावर रोज संध्याकाळी ते माझा हात धरून मला बोटं शिकवायचे, पुढेमागे गरज लागलीच तर म्हणून. ती अशी लागेल असं दोघांनाही वाटलं नसेल. उपरण्याखाली सरांचा हात आला. लेखणीनं खरखरीत झालेलं मधलं बोट. पंजा धरला, सोडला, वर एक बोट.

"सहा," मी म्हटलं.

पाहुण्यांनी चिठ्ठी उलगडली. सहा.

"पण साहेब, हा भाव झाला, सौदा नाही. मालावाचून हत्ता नसतो. काहीतरी विकायला काढा."

पाहुण्यांना एव्हाना रंग चढला होता. "माझी छत्री विका," म्हणाले. "मी शेतकरी, हे आडत्या."

उपरण्याखाली सरांनी सहा मागितले. मी दोन दिले. ते पाचावर आले. तोंडानं मी विचारत होते, अकोल्याला ऊन फार असेल नाही? पाहुणे सांगत होते, फार. मी तीन दिले. सरांना चेव आला. गोरे कान लाल झाले, आणि त्यांनी चार बोटं दाबली. मी तीच धरली आणि म्हटलं, "झाला सौदा."

"अहो, मी आणखी—"

"धरलेलं बोट मागे घेता येत नाही, साहेब." कनवटीचे चार रुपये सोडून मी उपरण्याखालीच त्यांच्या हातात ठेवले आणि छत्री उचलली. "अडत कापून घ्या आणि उरलेले शेतकऱ्याला द्या."

पाहुणे उपरण्याकडे बघत होते. "कितीला गेली जी माझी छत्री?"

तेव्हा नलिनीताई उभ्या राहिल्या. "सर, छत्रीचे मालक इथेच बसले होते. सौदा त्यांच्या डोळ्यांदेखत झाला, त्यांच्याच उपरण्याखाली. तरी भाव त्यांना विचारावा लागतोय. आणि तुम्ही सांगाल तोच त्यांना खरा मानावा लागेल. माझा प्रबंध एवढंच म्हणतो."

इतकी वर्षं मी हत्त्यातली हुशारी बघत आले होते. माल उतरवून बाजूला, खांबाला टेकून उभा असणारा शेतकरी काय बघतो, ते कधी मनात आलं नव्हतं. ते त्या दिवशी एका छत्रीपायी आलं. पुढे कायद्यानं हत्ता बंद झाला तेव्हा मंडईत सगळे हळहळले. मी हळहळले नाही, पण बोटांना अजून चुकल्यासारखं होतं, तेही खरं.

सरांनी प्रबंध परत उघडला. "ती वांग्याची तीन पानं तेवढी काढा," म्हणाले. बास, एवढंच. पण ताईंच्या चेहऱ्यावरून मला निकाल कळला. पुढे त्या स्वतः शिकवायला लागल्या आणि दर वर्षी पोरापोरींची पलटण घेऊन मंडईत यायच्या. मुलांना बजावायच्या, "भागाबाई सांगतील तो भाव लिहा, आणि मग उजवीकडच्या भाजीचा विचारा." ती तीन पानं मी त्यांच्याकडून मागून घेतली. माझ्या ट्रंकेत आहेत. मनासारखं काही झालं नाही की काढून वाचते. चळवळीनं धीट झालेले लोक श्रावणात वांगी खातायत. किती छान लिहिलंय. छत्रीही बरीच वर्षं टिकली. पाहुणे मात्र त्या दिवशी चैत्राच्या उन्हात उघड्यानंच गेले.

राहिला दुसरा दिवस.

सकाळी मी मंडईत गेले. विद्यापीठातली हकिकत माझ्या आधी पोचलेली. त्या मालवणी शिपायाचा भाऊ आमच्याकडे हमाल होता, हे मला मागाहून कळलं. वसईचा माल उतरलेला, तुकाशेठ गोणीवर बसलेले. माझ्या पुढच्या तिघांचे सौदे झाले. माझी पाळी आली. मी पुढे होऊन उभी राहिले. मनात म्हटलं, पसरला रुमाल तर पसरला, नाहीतर उद्यापासून पाटी डोक्यावर घेऊन डिलाईल रोड.

तुकाशेठनी बराच वेळ पान चघळलं. मग हातावर रुमाल टाकला.

"पडवळ कुठंय तुझं?"

"विद्यापीठात राहिलं."

आजूबाजूचे हमालसुद्धा थांबले. मी पदर खोचला आणि रुमालाखाली हात घातला. ज्या माणसाच्या एका शब्दाला मी इतकी वर्षं घाबरून होते, त्याचा तळहात घामानं चिंब होता. बिचाऱ्यांनी बाईचा हात हत्त्यात कधी धरलेला नव्हता. वांग्याचे आठ मागायचे होते त्यांना, सगळ्यांना आठनंच गेली होती, माझ्या पुढच्याच एकानं मला कानात सांगितलं होतं. पंजा दाबला, आणि गडबडीत वर दोनच बोटं.

त्यांच्या लक्षात आलं. बोट हललं. पण तोवर ती दोन्ही मी घट्ट धरली होती.

"झाला सौदा," मी म्हटलं.